जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीखालचा आवाज शोधताना: सहा माइकच्या चॅसिस-इअर संचाचे परीक्षण

माझ्या पंचवीस वर्षे जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह (इंजिनची ओढ चारही चाकांना देणाऱ्या) वॅगनमध्ये ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास एक घुमणारा आवाज सुरू होत असे आणि ८० च्या पुढे तो इतका वाढत असे की मागच्या सीटवरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागे. आवाज मागून येतो, यावर गाडीत बसलेल्या प्रत्येकाचे एकमत होते. एका वर्कशॉपने मागचे डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा संच) गेल्याचे सांगून ते पूर्ण बदलण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने सगळा दोष टायरवर टाकला. दोन्ही निदाने गाडी चालवून आणि अंदाज बांधून केलेली होती. गाडीखाली कान लावून कोणीही ऐकलेले नव्हते. म्हणून मी मेकॅनिक ज्याला चॅसिस-इअर म्हणतात तो सहा माइकचा बिनतारी संच घेतला आणि गेले आठ महिने तो वापरला. या प्रकारचे संच अनेक कंपन्या जवळपास एकाच घडणीचे बनवतात, त्यामुळे येथे लिहिलेले बहुतेक सर्व काही त्या सर्वांना लागू पडेल.

संच साधा आहे. दाते असलेल्या मजबूत चिमट्यांना सहा माइक जोडलेले असतात, प्रत्येक माइकची तार एका छोट्या ट्रान्समीटरमध्ये जाते, आणि गाडीत बसलेला माणूस हातातल्या रिसीव्हरवर एक ते सहा असे चॅनल बदलत हेडफोनवरून ऐकतो. माइक हवेतला आवाज फारसा पकडत नाहीत. धातूतून येणारे कंपन पकडतात. पूर्वी हेच काम लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून किंवा मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपने होत असे, आणि उभ्या गाडीच्या इंजिनसाठी ती साधने आजही मला पुरेशी वाटतात. मात्र चाकाचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ओढ नेणारा फिरता दांडा) आणि डिफरन्शिअल हे भाग गाडीचे वजन आणि इंजिनची ओढ अंगावर असतानाच खरे बोलतात. लिफ्टवर चाके अधांतरी फिरवली की बेअरिंगवरचे वजनच निघून जाते आणि रस्त्यावर किंचाळणारे बेअरिंग तिथे गप्प बसते. उलट, सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबल्यामुळे एक्सलचे सीव्ही जॉइंट (वाकलेले असतानाही फिरणारे सांधे) नेहमीपेक्षा जास्त वाकतात आणि एरवी निर्दोष असलेला जॉइंटही टकटक करू लागतो. या संचाची खरी किंमत इथे आहे, कारण तो चालत्या गाडीखाली, रस्त्यावर ऐकतो.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत ही गरज दुप्पट होते. इंजिनपासून चारही चाकांपर्यंत धातूची एक सलग साखळी असते आणि तिच्यातून आवाज सहज प्रवास करतो. पुढच्या बाजूचा आवाज प्रोपेलर शाफ्टमधून मागे येतो, मागच्या डिफरन्शिअलच्या कवचात घुमतो आणि तिथून, बहुतेक वेळा रबर बुश कडक झालेल्या क्रॉसमेंबरमार्गे (गाडीखालच्या आडव्या तुळईतून), थेट केबिनच्या फरशीत पोहोचतो. वॅगनचा मागचा मोकळा भाग त्याला ढोलासारखा मोठा करतो. त्यामुळे ‘आवाज मागून येतो’ हे वाक्य अशा गाडीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

संच लावण्यापूर्वी केलेली साधी आकडेमोड मला फार उपयोगी पडली. माझ्या टायरचा घेर साधारण दोन मीटर आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला ५०० फेरे, सेकंदाला आठ-सव्वाआठ. माझ्या गाडीच्या डिफरन्शिअलमधल्या क्राउन या मोठ्या गिअरला ३७ आणि पिनियन या छोट्या गिअरला ९ दात आहेत. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या ४.११ पट वेगाने, सेकंदाला सुमारे ३४ फेरे फिरतो, आणि क्राउन-पिनियनचे दात सेकंदाला सुमारे ३०८ वेळा एकमेकांत बसतात. चाकाच्या फेऱ्याशी जुळणारी लय तळपायाला धपधप अशी जाणवते, शाफ्टचा तोल गेला असेल तर फरशीत बारीक थरथर येते, आणि ३०८ च्या जवळपास ऐकू येतो तो सुईसारखा स्पष्ट सूर. कोणता आवाज कोणत्या वेगाने फिरणाऱ्या भागाचा असू शकतो हे आधी माहीत असले, की हेडफोनमध्ये ऐकू येणाऱ्या गोंधळाला अर्थ येतो. हे माहीत नसेल तर संच नुसता सहा ठिकाणचा गोंगाट ऐकवतो.

संचासोबत आलेल्या माहितीपत्रकात एक आवश्यक गोष्ट सांगितलेलीच नाही: सहाही माइक सारखे ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी मी सहाही चिमटे इंजिनच्या एकाच लोखंडी कंसावर शेजारी शेजारी लावले, इंजिन आयडलवर ठेवले आणि चॅनल बदलत गेलो. तिसरे चॅनल उघडपणे मोठे होते आणि पाचवे दबके. मी ते फरक चिकटपट्टीवर लिहून ट्रान्समीटरवर लावले. ही पाच मिनिटे ज्याने वाचवली त्याचे पुढचे सगळे निष्कर्ष संशयास्पद आहेत, असे मी ठामपणे म्हणेन, कारण या उपकरणात सगळा निर्णय ‘कुठे जास्त ऐकू येते’ यावर होतो.

चिमटा कुठे लावायचा हेही शिकावे लागते. चाकासाठी तो नकलच्या (चाकाचे बेअरिंग धरणाऱ्या ओतीव भागाच्या) एखाद्या कानावर, डिफरन्शिअलसाठी पिनियन बेअरिंगजवळच्या कवचाच्या फासळीवर आणि शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगसाठी त्याच्या कंसाच्या बोल्टजवळ लावला तर आवाज शुद्ध येतो. ब्रेकच्या पाइपाचा पातळ कंस, उष्णतारोधक पत्रा किंवा रबरात बसवलेला कुठलाही भाग मात्र स्वतःच थरथरतो किंवा आवाज गिळतो. एबीएसच्या सेन्सरची तार चिमट्यात सापडणार नाही याची काळजी घ्यावी. सगळ्या तारा केबल टायने दर वीतभर अंतरावर घट्ट बांधाव्यात, कारण फिरत्या शाफ्टला एखादी तार लागली तर माइक तर जातोच, शिवाय ती शाफ्टभोवती गुंडाळत जाऊन शेजारचा ब्रेकचा पाइपही ओढू शकते. काही संचांत चिमट्याऐवजी चुंबक असतात. ते या कामासाठी घेऊ नयेत. डिफरन्शिअलचे कवच आणि नकल अनेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे असतात आणि तिथे चुंबक चिकटतच नाही.

ऐकणारा आणि चालवणारा ही दोन वेगळी माणसे असली पाहिजेत. हेडफोन घालून गाडी चालवणे धोक्याचे आहे आणि त्यातून निदानही नीट होत नाही, कारण चालवणाऱ्याने ठरलेल्या क्रमाने वेग, ओढ आणि वळण बदलणे हाच चाचणीचा अर्धा भाग आहे. आमच्याकडे माझी पत्नी गाडी चालवते आणि मी ऐकतो. ती ‘ओढते आहे’, ‘सोडले’, ‘उजवीकडे’ असे मोठ्याने सांगत जाते आणि मी वहीत खुणा करतो.

पहिल्या फेरीत मागच्या डिफरन्शिअलवरचा माइक सर्वांत मोठा ऐकू आला. वर्कशॉपचे म्हणणे खरे ठरले असे समजून मी तिथेच थांबलो असतो तर एक चांगले डिफरन्शिअल उतरवून बसलो असतो. हायपॉइड दातांचे डिफरन्शिअल निरोगी असतानाही माइकला मोठेच ऐकू येते. दात एकमेकांवर घसरत फिरतात आणि आपण कवचालाच कान लावलेला असतो. म्हणून मोठेपणापेक्षा बदल ऐकायचा असतो. मी ताशी ७० किलोमीटरला तीन अवस्था ऐकल्या: ॲक्सिलरेटर दाबून ओढ दिलेली, पूर्ण सोडून इंजिन-ब्रेकवर आणलेली, आणि या दोहोंच्या मध्ये वेग फक्त टिकवून धरलेली. क्राउन-पिनियनचे दात झिजले असतील तर सूर या अवस्थांमध्ये ठळकपणे बदलतो आणि बहुधा एखाद्या अरुंद वेगपट्ट्यातच ओरडतो. पिनियनचे बेअरिंग सैल झाले असेल तर इंजिन-ब्रेकवर त्याची तक्रार वाढते. माझ्या डिफरन्शिअलचा सूर तिन्ही अवस्थांत जवळपास तोच राहिला. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घरंगळत सोडली, तरी केबिनमधले घुमणे तसूभर कमी झाले नाही. म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्याकडे पाहण्याचे कारण उरले नाही, आणि ओढीने बदलणारा कोणताही भाग संशयितांच्या यादीत खाली गेला.

त्यानंतरच्या फेरीत रुंद, मोकळ्या रस्त्यावर हलके डावे-उजवे वळण घेत ऐकले. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर येते. उजव्या वळणात मागच्या डाव्या नकलवरच्या माइकमध्ये, रिकाम्या जात्यात दगडावर दगड फिरावा तशी कोरडी घरघर उसळली आणि डावीकडे वळताच ती विरली. उजव्या नकलवर वळण कोणतेही असो, फक्त टायरची सळसळ होती. हे दोन चॅनल आलटून पालटून ऐकण्याचा तो अर्धा मिनिट म्हणजे या संचाने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट. एकाच प्रकारचे दोन भाग, सारखे वजन, सारखा वेग, आणि तुलना शेजारी शेजारी. डाव्या-उजव्याची ही तुलना स्क्रू-ड्रायव्हर किंवा स्टेथोस्कोप चालत्या गाडीत करू देत नाही.

तरीही मी त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. गाडी चार स्टँडवर घेतली, मागचे डावे चाक हाताने फिरवले आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर हलकेच ठेवला. ही जुनी युक्ती फुकट आहे आणि विलक्षण संवेदनशील आहे: स्प्रिंग खराब बेअरिंगची खरखर बोटांपर्यंत आणून देते. डाव्या स्प्रिंगमध्ये वाळूवरून काही घासत जावे तशी बारीक थरथर होती, उजवी स्प्रिंग गप्प होती. बेअरिंग काढल्यावर आतल्या रेसवर (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या कडीवर) गव्हाच्या दाण्याएवढा, नखाला अडकणारा खड्डा दिसला. नवे बेअरिंग बसवल्यावर घुमणे थांबले. येथे एक इशारा द्यायलाच हवा: अशा गाडीची फक्त काही चाके उचलून इंजिनने ती फिरवू नका. पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारे कपलिंग जमिनीवरच्या चाकांना ओढ देते आणि गाडी जॅकवरून उडी मारू शकते.

घुमणे गेल्यावर त्याच्याखाली दडलेला दुसरा आवाज ऐकू येऊ लागला. पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये जाताना एकच ‘ठक्’ व्हायचा, आणि गाडी अगदी हळू सुटताना, मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांच्या लयीत, चिमणीसारखी चिवचिव. लय चाकापेक्षा चौपट होती, म्हणून शाफ्टवरच संशय होता. ट्रान्समीटर फिरत्या शाफ्टला लावता येत नाही, ही या संचाची मूलभूत मर्यादा आहे. माइक शाफ्टच्या दोन टोकांच्या स्थिर भागांवरच लागतात. सेंटर बेअरिंगच्या कंसावर चिवचिव स्पष्ट होती, डिफरन्शिअलच्या नाकावर कमी आणि गिअरबॉक्सच्या शेपटीवर नाहीच. एवढ्यावरून सेंटर बेअरिंग आणि त्याला लागून असलेला क्रॉस (शाफ्टला वाकू देणारा सांधा) यांतले कोण, हे ठरत नव्हते. शाफ्ट उतरवून हाताने वाकवला तेव्हा उत्तर मिळाले: सेंटर बेअरिंग लोण्यासारखे फिरत होते आणि क्रॉस एका दिशेला मध्यावर अडखळत होता, त्याच्या सुयांच्या टोप्यांत गंजाची लालसर पूड होती. इथे संचाने जागा अरुंद केली, निदान हातांनी केले. प्रामाणिकपणे सांगायचे तर शाफ्ट थेट उतरवला असता तरी तेवढाच वेळ लागला असता.

तिसरी तक्रार होती ती पार्किंगमध्ये चाके पूर्ण वळवून हळू फिरताना येणारे कण्हणे आणि गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखा अडकाव. या बाबतीत संच पूर्ण निरुपयोगी ठरला. सहाही माइकमध्ये कण्हणे सारखेच ऐकू आले, कारण तो आवाज एका भागाचा नसून संपूर्ण साखळी ताणली गेल्याचा असतो. कोरड्या रस्त्यावर घट्ट वळणात पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. हा फरक मधल्या यंत्रणेने पचवायचा असतो, आणि ती पचवू शकली नाही की टायर घासतात. यंत्रणा कोणती यावर पुढची तपासणी ठरते. व्हिस्कस कपलिंगमधील सिलिकोनचे द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बिघडले की कपलिंग ताठ होते आणि ते बदलावेच लागते. होंडा सीआर-व्हीच्या जुन्या पिढ्यांत मागच्या डिफरन्शिअलमध्ये दोन पंपांची योजना असते आणि तिथले कण्हणे बहुतेक वेळा केवळ तिच्यासाठीच बनवलेले ड्युअल पंप तेल बदलल्याने जाते; साधे गिअर ऑइल तिथे भरले तर त्रास वाढतो. हॅल्डेक्स कपलिंगचे (मागच्या चाकांना गरजेप्रमाणे ओढ देणाऱ्या क्लचचे) स्वतःचे वेगळे तेल असते आणि अनेक पिढ्यांत फिल्टरही, पण ‘डिफरन्शिअलचे तेल बदलले’ या नोंदीत ते राहून गेलेले सापडते. चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये तर बॉनेटखाली एफडब्ल्यूडी (म्हणजे फक्त पुढच्या चाकांना ओढ) असे लिहिलेल्या रिकाम्या जागेत फ्यूज बसवला की मागची ओढ तोडता येते. फ्यूज बसवल्यावर अडकाव गेला तर दोष मागे ओढ देणाऱ्या मल्टिप्लेट क्लचकडे किंवा त्याच्या दाबाच्या नियंत्रणाकडे आहे, यांत्रिक जाम नाही, हे एका मिनिटात कळते. मागे क्लच-प्रकारचे लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल (एक चाक नुसते घसरत फिरू न देणारे) असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण सौम्य करणारे मिश्रण) नसल्यानेही असाच खडखडता अडकाव येतो.

माझ्या गाडीत उत्तर शिंप्याच्या मोजपट्टीने दिले. पुढच्या टायरचा घेर १,९७२ मिलिमीटर आणि मागच्यांचा १,९८९ भरला; मागे दोन नवे टायर टाकले होते आणि पुढचे तसेच ठेवले होते. फरक १७ मिलिमीटर. सुबारूसारखे उत्पादक चारही टायरच्या घेरात साधारण पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपासचाच फरक चालवून घेतात. सतरा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्याचा अर्थ दर किलोमीटरला पुढचे चाक मागच्यापेक्षा चार फेरे जास्त फिरते, सरळ रस्त्यावरही, आणि कपलिंग तो फरक अखंड पचवत, तापत राहते. चार सारखे टायर बसवल्यावर कण्हणे बरेच कमी झाले. पूर्ण गेले नाही. कपलिंग थोडे ताठ झालेले आहे आणि ते बदलण्याची तयारी मी ठेवली आहे. ज्यांच्या गाडीत फक्त हीच तक्रार आहे त्यांनी हा संच घेऊ नये, मोजपट्टी घ्यावी आणि तेलाच्या नोंदी तपासाव्यात.

बनावटीबद्दल थोडक्यात. चिमट्यांचे स्प्रिंग चांगले कडक आहेत, पण जबडा गोल ओतीव भागावर घसरतो. मी दात्यांखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून पाहिली तर आवाजच मेला, म्हणून सपाट फासळी शोधणे हाच उपाय आहे. ट्रान्समीटरच्या बॅटरीचे झाकण ढिले आहे आणि खड्ड्यात दोन वेळा संपर्क तुटला. हेडफोन जड असले तरी बाहेरचा आवाज छान अडवतात. रिसीव्हरला रेकॉर्डिंगसाठी जोडणी आहे, आणि हे वैशिष्ट्य मला सुरुवातीला फालतू वाटले होते. आता तेच मी सर्वांत जास्त वापरतो. ध्वनिमुद्रण फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये टाकले की ताशी ६० ला ३०८ च्या जवळ क्राउन-पिनियनची रेघ उभी दिसते आणि कानाला दोन सूर एक वाटत असतील तर ते डोळ्यांना वेगळे होतात. एका वेळी एकच चॅनल ऐकता येते, ही उणीव मात्र खटकते. डावा कान डाव्या चाकाला आणि उजवा उजव्याला, अशी सोय असती तर वळणातली तुलना क्षणात झाली असती.

जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी जो स्वतः सांभाळतो आणि ज्याच्याकडे सोबत गाडी चालवायला माणूस आहे, त्याने हा संच जरूर घ्यावा. ज्याला वळण, ओढ आणि न्यूट्रल या तीन चाचण्या करण्याची सवय नाही, त्याने आधी काही दिवस नुसत्या कानाने त्या कराव्यात. गुळगुळीत आणि खडबडीत रस्त्यावर आवाज बदलतो का, हेही पाहावे, कारण बदलत असेल तर बेअरिंगपेक्षा टायरची शक्यता जास्त असते.

बेअरिंग बदलल्यानंतर मी सहाही ठिकाणांचे ताशी ४०, ६० आणि ८० चे ध्वनिमुद्रण करून ठेवले आहे. ज्या डिफरन्शिअलला बदलण्याचा सल्ला मिळाला होता, त्याचे तेल मी त्याच आठवड्यात काढले: चुंबकी बोल्टावर बोटाला मऊ लागणारी करडी लेप होती, एकही कणी नव्हती. त्यात नवे ७५डब्ल्यू-९० भरले आहे, आणि त्याचा तो बारीक सूर मार्चमधल्या ध्वनिमुद्रणात जिथे होता, गेल्या रविवारच्या ध्वनिमुद्रणातही तिथेच आहे.